गेममधली केळी कुणाची? मुलांच्या कोडिंग गटातल्या चित्रांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावातलं हे प्रकरण आहे. गाव, वाचनालय आणि माणसं यांची नावं दिलेली नाहीत, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मी या वर्गाची समन्वयक होते, अजूनही आहे. तेव्हा जे निर्णय चुकले त्यांच्यावर माझीही सही आहे, हे लक्षात ठेवून पुढचं वाचावं.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत नऊ जुने संगणक आहेत. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या तसा आम्ही शनिवार-रविवारचा वर्ग सुरू केला. पाचवी ते आठवीची एकतीस मुलं आली. शिकवायला निवृत्त गणित शिक्षक, ज्यांना सगळं गाव ‘सर’ म्हणतं. पुण्याहून व्हिडिओ कॉलवर येणारी एक इंजिनिअर ताई, मूळची इथलीच. आणि मी.

साधन म्हणून स्क्रॅच निवडलं. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझ्निक यांच्या गटाने ते तयार केलं आणि 2007 मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. 8 ते 16 वर्षांच्या मुलांसाठी आहे, फुकट आहे. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून प्रोग्रॅम बनतो, त्यामुळे टायपिंगची अडचण येत नाही. पण आम्हाला त्याचा दुसरा भाग जास्त मोलाचा वाटला. मूल आपलं काम सगळ्यांसमोर मांडू शकतं. दुसरं मूल ते उघडून आत काय आहे ते बघतं, हृदयाच्या चिन्हावर दाबतं, खाली प्रतिक्रिया लिहितं, त्यावरून आपलं नवं काम बनवतं. आमच्या मुलांसाठी आम्ही तिथे एक स्टुडिओ, म्हणजे सगळ्यांची कामं एकत्र दिसतील असं पान, उघडला. गावातली मुलं रात्री जेवणं झाल्यावर आईबापाच्या फोनवर त्या स्टुडिओत जाऊन बसू लागली. आमचा खरा गट वर्गात जितका होता, तितकाच तिथेही होता.

स्टुडिओच्या माहितीत आम्ही पहिल्याच दिवशी एक ओळ लिहिली होती: ‘इथे आपण बनवलेले प्रोग्रॅम टाकायचे.’ त्या ओळीवर तेव्हा कुणी विचार केला नाही.

अडचण कशी उभी राहिली

सहावीतली एक मुलगी. वडील केळीच्या कटाईच्या टोळीत, आई शेतमजुरीला. वर्गात ती फार बोलत नसे. तिसऱ्या आठवड्यात तिला स्क्रॅचमधला चित्र काढायचा भाग सापडला आणि ती तिथेच रमली.

तिचं पहिलं मोठं चित्र केळीच्या घडाचं होतं. ते कसं झालं ते मी शेजारी बसून पाहिलं आहे. तिने आधी एकच केळं काढलं. व्हेक्टर पद्धतीत रेघेवरचे बिंदू ओढून आकार बदलता येतो. तसे पाच बिंदू ओढून तिने केळ्याचा बाक आणला, टोकाला काळपट ठिपका दिला. मग त्याची प्रत घेतली, थोडी फिरवली, मागे सरकवली. पुन्हा प्रत, पुन्हा थोडी फिरवली. चौदा केळ्यांची एक फणी झाली. मग फणीचीच प्रत घेऊन खाली खाली लावत गेली. दोन शनिवार गेले. घरी वडिलांना फोनवर दाखवलं तर ते म्हणाले, खालच्या फण्या एवढ्या मोठ्या नसतात, खाली घड निमुळता होत जातो. तिसऱ्या शनिवारी तिने खालच्या चारही फण्या लहान केल्या आणि मगच चित्र शेअर केलं.

त्यात कोड नव्हता. एकही ठोकळा नव्हता. प्रोग्रॅम सुरू करायचा हिरवा झेंडा दाबला तरी काही घडत नव्हतं.

श्रावणात तिने कानबाई काढली, खानदेशात या महिन्यात पुजतात ती देवी: चौरंग, नारळाचा मुखवटा, नथ, मागे केळीचे खांब, पुढे रोटाचं ताट. तोवर आणखी सात-आठ मुलं चित्रं टाकू लागली होती. स्टुडिओ उघडला की वरच्या रांगेत चित्रंच दिसत. हृदयंही त्यांनाच जास्त मिळत, आणि ते साहजिक होतं. चित्र एका नजरेत कळतं, गेम उघडून खेळावा लागतो. आठवीतल्या एका मुलाने तीन आठवडे खपून गुणांची मोजणी, वाढता वेग, तीन जीव असं सगळं असलेला गेम केला होता आणि त्याला चार हृदयं मिळाली. कानबाईला बावीस. तो मुलगा माझ्याकडे येऊन काही बोलला नाही. पण पुढच्या रविवारी आला नाही.

त्याच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. ज्यांचं कृषी सेवा केंद्र आहे असे एक पालक, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो, वाचनालयात आले आणि सरळ म्हणाले, “ताई, पोऱ्या आठे कोडिंग शिकाले येस, चित्रं पाहाले नही.” आणि सरांनी कानबाईच्या चित्राखाली सगळ्यांना दिसेल अशी प्रतिक्रिया लिहिली: “चित्र छान आहे. पण यात कोड कुठे आहे?”

समोर असलेले पर्याय

गणपतीच्या आधी आम्ही तिघं बसलो. सरांचं म्हणणं त्यांच्या बाजूने नीट मांडायला हवं, कारण ते हलक्यात घेण्यासारखं नव्हतं आणि आजही नाही.

सर म्हणाले, चित्रकलेला शाळेत तास आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा आहेत. 15 ऑगस्टला रंगभरण स्पर्धा असते, गणपतीत असते. कोडिंगला मात्र या गावात या खोलीशिवाय दुसरी जागाच नाही. नऊ संगणक आणि एकतीस मुलं. एक मूल तासभर रंग भरत बसलं की दुसऱ्या मुलाचा कोडचा तास जातो. जळगावच्या मुलाला शिकवणी लावता येते, आपल्या मुलाला हेच आहे.

मी म्हणाले, चित्रकलेचा तास वेळापत्रकात असतो, पण परीक्षा जवळ आली की त्या तासाला गणितच होतं, हे सरांपेक्षा जास्त कुणाला माहीत? ते हसले नाहीत, पण नाकारलंही नाही.

इंजिनिअर ताईने एक गोष्ट निदर्शनास आणली. स्क्रॅचवर मुलांची कामं धुंडाळायला जे पान आहे, तिथे अॅनिमेशन, गेम, संगीत, गोष्टी अशा विभागांबरोबर ‘आर्ट’ हाही एक वेगळा विभाग आहे. म्हणजे ज्यांनी हे बांधलं त्यांनी चित्राला बाहेर ठेवलेलं नाही. आणि या सगळ्याचं मूळ जिथे आहे ती मुलांसाठीची लोगो ही प्रोग्रॅमिंगची भाषा, सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 मध्ये केलेली, तिच्यातलं कासव करायचं काय? रेघा ओढायचं. मुलं कासवाला आज्ञा द्यायची आणि कासव चौकोन, तारा, फूल काढायचं.

“त्या रेघा आज्ञेने निघत होत्या,” सर म्हणाले. “ही माउसने काढते.” मुद्दा बरोबर होता.

मग मी भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणिताच्या ग्रंथाचा विषय काढला. सर दरवर्षी मुलांना चाळीसगावजवळ पाटणादेवीला नेतात, भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख दाखवायला, म्हणून. मी म्हणाले, लीलावतीतली गणितं श्लोकात आहेत. त्यांत भुंगे आहेत, कमळं आहेत, हंस आहेत, साप आणि मोर आहेत. ते सगळं वगळून नुसते आकडे ठेवले असते तर गणित तेच राहिलं असतं. पण ज्याला हंस दिसले म्हणून गणित वाचावंसं वाटलं, तो वाचक राहिला नसता. सर बराच वेळ गप्प बसले. मला वाटलं त्यांना पटलं. पण ते म्हणाले, “भास्कराचार्यांनी श्लोकातही गणितच दिलं. नुसता हंस दिला नाही.”

चार पर्याय टेबलावर आले. फक्त कोड असलेलीच कामं ठेवायची. किंवा चित्रांसाठी दुसरा स्टुडिओ काढायचा. किंवा चित्र चालेल, पण त्यात किमान एक तरी ठोकळा हवा. किंवा आहे तसं चालू द्यायचं. दुसरा पर्याय मी लगेच नाकारला. या गावात वेगळी पंगत म्हणजे काय ते मुलांनाही कळतं. पहिला कुणालाच सोसवेना. चौथा आप्पांना सांगायची आमची हिंमत नव्हती. उरला तिसरा. तो सगळ्यांना थोडा थोडा मान्य होता, म्हणून आम्ही तो घेतला.

पहिला निर्णय आणि त्याचं काय झालं

‘प्रत्येक कामात निदान एक ठोकळा चालता हवा.’ हा नियम फळ्यावर लिहिला आणि स्टुडिओच्या माहितीतही टाकला.

पुढच्या रविवारी नऊ चित्रं आली. प्रत्येकात ‘हिरवा झेंडा दाबल्यावर’ आणि त्याखाली ‘दाखवा’ हे दोनच ठोकळे. चित्र आधीच दिसत होतं, ते पुन्हा दाखवायची आज्ञा. मुलांनी नियम पाळला होता. त्यातून कुणी काही शिकलं नव्हतं.

त्या मुलीने मात्र एकही चित्र टाकलं नाही. ती वर्गाला येत होती, हजेरी लागत होती. सांगितलं ते करत होती: स्क्रॅचमधलं मांजर दहा पावलं चालवलं, कडेला आपटून परत फिरवलं. बाकी वेळ हात मांडीवर. मी हे पाहत होते आणि मनात म्हणत होते की हळूहळू कोडमध्ये रुळते आहे. पाच आठवडे मी असंच समजत राहिले. या संपूर्ण प्रकरणातली सर्वांत मोठी चूक मला हीच वाटते. नियम वाईट होता, पण नियम कुणालाही चुकतो. मूल गप्प झालं आणि आम्ही त्याला शिस्त समजलो.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी मी तिला बाहेर पायरीवर बसवून विचारलं, चित्रं का बंद केलीस? तिने आधी खांदे उडवले. मग म्हणाली, “माले चित्रं येतस, ते मी टाकस. आते नको शे तं नही टाकत.” आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, “पण ताई, त्या गेममा केळी मनी शेतस. मंग मनं नाव कोठे शे?”

मला काहीच माहीत नव्हतं. आत जाऊन पाहिलं. आठवीतला तो मुलगा परत आला होता आणि त्याचा नवा गेम स्टुडिओत सर्वांत जास्त खेळला जात होता. वरून केळी पडतात, खाली ट्रक फिरवून झेलायची. ती केळी तिचीच होती, टोकाच्या काळपट ठिपक्यासकट. आणखी दोन गेममध्येही तिची चित्रं निघाली. एकात कानबाईमागचे केळीचे खांब होते.

मुलांनी चोरी केली असं म्हणणं अन्यायाचं होईल. रीमिक्स, म्हणजे दुसऱ्याच्या अख्ख्या कामावरून आपलं नवं काम, केलं तर मूळ कुणाचं ते स्क्रॅच आपणहून दाखवतं. पण दुसऱ्याच्या कामातलं एखादं पात्र ‘बॅकपॅक’मध्ये, म्हणजे आपल्याजवळ साठवून ठेवायच्या कप्प्यात, ओढून आपल्या कामात टाकलं, तर तशी नोंद राहत नाही. बॅकपॅक आम्हीच शिकवलं होतं. स्क्रॅचवर शेअर केलेली सगळी कामं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली येतात. वापरा, बदला, पण मूळ कर्त्याचं नाव द्या, असा त्याचा अर्थ. हे आम्ही शिकवलं नव्हतं. प्रत्येक कामाखाली टिपा आणि श्रेय लिहायची चौकट असते. आमच्या स्टुडिओतल्या जवळपास सगळ्या चौकटी रिकाम्या होत्या.

म्हणजे तीन महिने आम्ही चित्राला गटात जागा आहे की नाही यावर वाद घालत होतो, आणि चित्र केव्हाच गटाच्या आत जाऊन बसलं होतं. फक्त काढणारी बाहेर होती.

दुसरा निर्णय

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा बसलो. या वेळी ती मुलगी, तो आठवीतला मुलगा आणि आणखी दोघं अशी चार मुलं बरोबर होती. बैठक अर्ध्या तासात संपली, कारण मुलांना काय हवं ते स्पष्ट माहीत होतं.

एका ठोकळ्याचा नियम काढला. शनिवारी वर्गात मी सगळ्यांसमोर सांगितलं की तो आमचा चुकला. स्टुडिओच्या माहितीतली पहिली ओळ बदलली. ‘प्रोग्रॅम’च्या जागी ‘काम’ लिहिलं.

श्रेयाची चौकट भरल्याशिवाय काम स्टुडिओत घ्यायचं नाही, हे सर्वांनी मान्य केलं. पात्र कुणाचं, आवाज कुठून, कल्पना कुणाची. वापरायच्या आधी विचारावं असंही मुलांनीच घातलं. परवाना तेवढं मागत नाही, पण आपण एकाच गावात राहतो, असं त्यांचं म्हणणं.

नेटवरून उतरवलेली कार्टूनची चित्रं ‘मी काढलं’ म्हणून टाकणं बंद. हा प्रश्न आधीपासून होता आणि आप्पांच्या तक्रारीत त्याचाही भाग होता. तो आमच्या लक्षात उशिरा आला. वहीतल्या चित्राचा फोटो काढून टाकायला हरकत नाही, पण एका मुलाच्या फोटोत वहीवरचं पूर्ण नाव, इयत्ता आणि शाळा दिसत होती. ते काम त्याच दिवशी काढायला लावलं. फोटो टाकण्यापूर्वी आमच्यापैकी एकाला दाखवायचा, असं ठरलं.

संगणकाची पाळी सगळ्यांना चाळीस मिनिटं. त्यात कोड करा नाहीतर चित्र काढा, वेळ तेवढाच. सरांच्या मूळ तक्रारीला हे खरं उत्तर होतं, आणि ते सप्टेंबरमध्येच सुचायला हवं होतं.

रविवारी शेवटची वीस मिनिटं भिंतीवर कामं दाखवायची. गेम असेल तर दोघांनी उठून सर्वांसमोर खेळायचा. यामुळे हृदयांची मोजणी हे एकच माप राहिलं नाही. गेम करणाऱ्या मुलांना हवं होतं ते एवढंच, की त्यांचा गेम कुणीतरी शेवटपर्यंत खेळावा.

काय झालं

मुलगी परत चित्रं टाकू लागली. आठवीतल्या मुलाने जुन्या गेमच्या चौकटीत तिच्या खात्याचं नाव लिहिलं. पुढचा गेम दोघांनी ठरवून केला. त्यात पिकलेलं केळं, हिरवं केळं आणि सडकं केळं असे एकाच पात्राचे तीन पेहराव तिने काढले. पिकलेल्याला दहा गुण आणि सडक्याला उणे पाच हेही तिनेच ठरवलं.

इंजिनिअर ताईला तिला कोडमध्ये आणायचंच होतं. तिने पेनच्या ठोकळ्यांनी रांगोळी काढायला शिकवलं: एक पाकळी, मग दहा अंश वळ, असं छत्तीस वेळा. मुलगी लगेच म्हणाली की हे तर मी फणीला हाताने केलं होतं. तिने दोन रांगोळ्या केल्या, त्या सुंदर होत्या, आणि मग ती माउसकडे परत गेली. ताईला वाईट वाटलं. मला वाटलं नाही. चित्र ही कोडकडे जायची पायरी म्हणून आम्ही तिला ठेवून घेतलं नव्हतं. निदान तोवर तरी आम्ही एवढं शिकलो होतो.

सरांची ती प्रतिक्रिया कानबाईच्या चित्राखाली अजून आहे. काम तिचं असल्यामुळे तिला ती पुसता आली असती, तिने पुसली नाही. डिसेंबरात तिच्याखाली सरांनी दुसरी लिहिली: “मी तेव्हा नीट पाहिलं नव्हतं. नथीतले मोती मोजले, सात आहेत.”

नुकसानही झालं. आप्पांनी मुलाला जळगावच्या शिकवणीला घातलं. जाताना ते रागावलेले नव्हते, त्यांना जे हवं होतं ते इथे नव्हतं, एवढंच. मुलगा चांगला होता, त्याची जागा अजून जाणवते. आणि ‘दाखवा’वाल्या नऊ चित्रांतली पाच मुलं नंतर चित्राकडे फिरकलीच नाहीत. त्यांना चित्रं आवडत होती की दुसऱ्यांची चित्रं बघून तीही काढत होती, हे आम्ही कधी विचारलंच नाही.

पुन्हा करायचं झालं तर

श्रेयाची चौकट पहिल्या दिवशी शिकवेन, मांजर चालवायच्या आधी.

नियम करताना तो कुणासाठी होतोय हे पाहीन. एका ठोकळ्याचा नियम मुलांसाठी नव्हता, आम्हा तिघांतला वाद मिटावा म्हणून होता. हे तेव्हाच पाहिलं असतं तर मुलांना बैठकीत बसवायला दिवाळी उजाडावी लागली नसती.

मोठ्यांनी मुलाच्या कामाखाली काय लिहावं, यावर आम्ही कधी बोललोच नव्हतो. आता बोलतो. जे समोर आहे त्याच्याबद्दल लिहायचं, जे नाही त्याच्याबद्दल वर्गात बोलायचं.

हजेरीपलीकडची एक वही ठेवेन. कोणत्या मुलाने किती आठवड्यांत काही टाकलं नाही, एवढंच तिच्यात लिहायचं. तीन आठवडे रिकामे गेले की जाऊन विचारायचं.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. पाचवीतला एक मुलगा नोव्हेंबरपासून फक्त चित्रं काढतोय. रेल्वेची इंजिनं, एकापाठोपाठ एक. त्याने एकही ठोकळा ओढलेला नाही. सर म्हणतात, सहावीतल्या मुलीने निदान ठोकळे पाहून मग माउस निवडला, याने पाहिलेच नाहीत. न पाहता नको म्हणणं आणि पाहून नको म्हणणं यात फरक आहे. मला यात तथ्य वाटतं, पण जूनपर्यंत त्याला त्याच्या इंजिनांसोबत राहू द्यावं असंही वाटतं. येत्या शनिवारी त्याची आई येणार आहे. तिच्यासमोर सर त्यांचं म्हणणं मांडतील, मी माझं. मुलगाही बसणार आहे. सुरुवात त्याच्यापासून करायची, एवढं आमच्यात ठरलं आहे.